न तुटलेला कॉल

टेबलावर उताण्या पडलेल्या फोनमधून इंजिनाची फटफट ऐकू येत होती. हेमांगी दुसाने नाशिकच्या ऑफिसात बसून तक्ता भरत होती, आणि तिची आई सातपुड्याच्या पलीकडच्या उताराखाली, नर्मदेच्या फुगवट्यात, एका होडीत बसली होती. दोघी काही बोलत नव्हत्या. कॉल मात्र सकाळपासून चालू होता.

यात कुणाला नवल वाटावं असं काही उरलं नव्हतं. 'निनाद' कंपनीनं 'अखंड' ही सेवा आणल्यापासून लोक फोन ठेवायचंच विसरले होते. नवरा कामावर, बायको घरी, मुलगी परगावी, आणि कॉल चालूच. एका खोलीत बसल्यासारखं. मध्येच कुणी खोकलं, कुणी भाजी कसली करू म्हणून विचारलं, की दोन शब्द बोलायचे, नाहीतर नुसतं सोबत असायचं. घाटात, बोगद्यात, लिफ्टमध्ये, कुठेही कॉल तुटत नसे.

हेमांगीच्या आई, कुमुद दुसाने, सरकारी नोकरीतून नर्स म्हणून निवृत्त झाल्या त्याला दोन वर्षं होत आली होती. घरी बसणं त्यांना मानवलं नाही. धरणाच्या पाण्यात गावं गेली आणि डोंगरउतारावर पाडे तेवढे उरले, तिथे रस्ता नाही म्हणून एक संस्था होडीतून दवाखाना चालवत असे. कुमुदताई त्या होडीवर रुजू झाल्या. हेमांगीनं एकच अट घातली होती, फोन चालू ठेवायचा. 'निनाद'चं सिमही तिनंच घेऊन दिलं. अक्राणी तालुक्यात कुणाची रेंज चांगली, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ती 'ग्राहकवेध' मासिकात होती आणि कुठल्या भागात कुठल्या कंपनीचं नेटवर्क किती पोचतं, रोमिंगमध्ये कोण कुणाच्या टॉवरवर जातं, कुणाचे कॉल किती तुटतात, याची तुलना करणारा हिवाळी अंक तीच काढायची. अक्राणीच्या नदीकाठच्या पट्ट्यात 'निनाद'चा तुटलेला कॉल यंदाही शून्य होता.

"हेमा, ऐकतेस का?" फोनमधून आई म्हणाली.

"बोल."

"मोगीला आज सोबत घेतलंय. नुरजीची बायको. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय गं तिच्या. उजेड-अंधार तेवढा कळतो. नाशिकच्या डॉक्टरांशी मी बोललेय. राहायची सोय तेवढी हवी. आठ-दहा दिवस तुझ्याकडे."

नुरजी पावरा होडी चालवायचा. हा विषय तिसऱ्यांदा निघत होता.

"आई, अंक छपाईला जाईपर्यंत मला श्वास घ्यायला वेळ नाही. पुढच्या महिन्यात बघू."

"मागच्या महिन्यातही पुढचा महिनाच म्हणाली होतीस."

"मी एकटी असते घरी. दिवसभर तिच्याकडे कोण बघणार?"

"ती स्वतःकडे बघते. आंधळी होत आली तरी डोंगर चढते-उतरते. तुला फक्त दार उघडायचंय."

हेमांगी पुन्हा आकड्यांत शिरली. इंजिन फटफटत राहिलं. बऱ्याच वेळानं तिलाच राहवलं नाही.

"रागावलीस का?"

"नाही गं," आई म्हणाली. "तुझंही बरोबर आहे. तुला जमेल तेव्हा बघू."

हेमांगीला सुटल्यासारखं वाटलं. मग जरा चमत्कारिकही वाटलं. आई हट्ट सोडणाऱ्यांतली नव्हती. पण माणूस थकतं, असं मनाशी म्हणून तिनं पुढची ओळ भरायला घेतली.

दुपारी फिरोज तडवी आला. तो मासिकाचा चाचणी-इंजिनिअर. चार कंपन्यांचे फोन जीपमध्ये मांडून तो जिल्हे पालथे घालायचा आणि कुठे किती रेंज ते मोजून आणायचा. नर्मदाकाठाहून तो आदल्याच दिवशी परतला होता. त्यानं टेबलावरच्या फोनकडे पाहिलं.

"कुणाचा कॉल?"

"आईचा. होडीत आहे."

"निनाद?"

"हो."

त्यानं फोन उचलून मायक्रोफोन बंद केला, आणि मग खुर्ची ओढून बसला. "तिथे खाली दरीत मी निनादचा एक फोन होडीत ठेवला आणि दुसरा वर डोंगरावर घेऊन गेलो. खालच्या फोनची रेंज बघितली तर जवळजवळ काहीच नव्हती. वरून मी त्या फोनवर बोललो. माझा मदतनीस खाली होता ना, त्यानं उत्तरं दिली. छान बोलणं झालं. खाली आलो तर तो म्हणाला, साहेब, मी तर जेवायला गेलो होतो."

हेमांगीनं टाइप करणं थांबवलं.

"आपण बोलतो तेव्हा आवाज सलग जात नाही, हे तर तुला माहीत आहे," फिरोज सांगू लागला. "त्याचे बारीक तुकडे होतात आणि टपालासारखे निघतात. काही वाटेत हरवतात. हरवलेल्या तुकड्याची जागा ऐकणाऱ्याचा फोन अंदाजानं भरतो. हे जुनंच तंत्र आहे. तुकडा पापणी लवण्याहूनही लहान असतो, त्यामुळे कुणाला कळत नाही. निनादनं काय केलं, तर तो अंदाज लांबवला. तुझ्या फोनमध्ये तुझ्या आईच्या बोलण्याचा साचा तयार झालाय. तिचा आवाज, तिचे शब्द, ती कशावर काय म्हणते, सगळं त्यात आहे. रेंज गेली की फोन तुकडा भरत नाही, वाक्य भरतो. मागची इंजिनाची फटफटसुद्धा भरतो."

"पण त्याला मर्यादा आहे. काही सेकंदच. आपणच छापलंय ते."

"निनादच्या टॉवरखाली आहे मर्यादा. तेवढ्या वेळात खरा आवाज आला नाही की टॉवर कॉल तोडतो. नदीकाठी निनादचा टॉवर आहेच कुठे? तिथे फोन रोमिंगमध्ये जातो, पलीकडे मध्य प्रदेशात 'व्योम' कंपनीचा टॉवर आहे त्यावर. त्याची रेंज दरीत उतरते ती धाग्याएवढी. फोन चालू आहे, एवढंच त्यातून कळतं. आवाज जात नाही. आता कॉल तोडायचा कुणी? निनाद म्हणणार, तो व्योमच्या हद्दीत आहे. व्योम म्हणणार, गिऱ्हाईक निनादचं. जो तोडेल त्याच्या नावावर तुटलेला कॉल लागतो." त्यानं पडद्यावरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. "इथे."

फोनमधून इंजिनाची फटफट येतच होती. एकसारखी. हेमांगीनं मायक्रोफोन चालू केला.

"आई, कुठपर्यंत पोचलीस?"

"चाललोय गं हळूहळू. छान ऊन पडलंय."

"जरा नुरजीभाऊंना दे फोन."

"तो इंजिनाशी आहे. हात तेलकट आहेत त्याचे. काय काम होतं?"

"मोगीबाईंना दे मग."

"तिला डुलकी लागलीय बिचारीला."

आवाज आईचाच होता. 'बिचारीला' म्हणताना 'चा'वर द्यायचा तो जोरसुद्धा. हेमांगीनं फिरोजकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. आईला सख्खी-चुलत कसलीच बहीण नव्हती, हे हेमांगीच्या मनात आलं, आणि विचारू नये असं वाटत असतानाच तिनं विचारलं.

"आई, शालनमावशीचा काही फोन?"

"आला होता ना सकाळी," आई म्हणाली. "बरी आहे ती. तुझी आठवण काढत होती."

हेमांगीनं दोन्ही हात टेबलावरून मागे घेतले. फोन भाजेल असं तिला वाटलं.

"हेमा? काय झालं गं?" फोननं विचारलं.

फिरोजनं पुन्हा मायक्रोफोन बंद केला. "कधीपासून?"

"माहीत नाही. सकाळी ती भांडत होती माझ्याशी. ती नक्की आई होती." हेमांगी खुर्चीतून उठली. "होडी बंद पडली असेल? का..."

"हेमांगी, अजून एक आहे." फिरोज सांगायला कचरत होता. "तिच्या फोनमध्ये तुझा साचा आहे. तिकडे तिला तू ऐकू येत असशील."

"मी काय बोलत असेन?"

"जे बोलून कॉल चालू राहील ते."

कॉल तोडला तर तो धागाही जाईल, आणि नाही तोडला तर आई तिकडे कुणाशी बोलत राहील, या दोन भीतींमध्ये हेमांगी काही क्षण नुसती उभी राहिली. मग तिनं बटणाकडे बोट नेलं.

"जेवून घे वेळेवर," फोनमधून आई म्हणाली.

तिनं कॉल तोडला. आईला आपल्या हातांनी पाण्यात लोटल्यासारखं तिला वाटलं. पुन्हा लावला तर लागेना. 'निनाद'च्या मदतकेंद्रात एक मुलगी गोड आवाजात म्हणाली की त्या नंबरचा कॉल दुसऱ्या बाजूनं सुरू आहे आणि कॉलचा दर्जा उत्तम आहे.

"दुसऱ्या बाजूनं सुरू? कुणाशी?"

"आपल्याशीच, मॅडम," मुलगी म्हणाली.

संस्थेच्या धडगावच्या माणसाला त्यांनी कळवलं. तो लगेच निघाला, पण डोंगर उतरून काठाशी पोचेपर्यंत दिवस मावळला असता, आणि त्याच्याकडे दुसरी होडी नव्हती. फिरोज खाली मान घालून विचार करत होता.

"पलीकडच्या काठाला मासळी गोळा करणारा एक सोळंकी आहे. त्याच्याकडे मोटारची होडी आहे. मी त्याच्याकडे चहा प्यायलो होतो. त्याचं सिम व्योमचं आहे, आणि त्याच्या शेडपाशी व्योमची रेंज पुरेशी आहे, मी मोजलीय."

पहिले दोन कॉल वाजून गेले. तिसरा उचलला गेला. फिरोजनं आपलं नाव सांगितलं.

"कौन फिरोज?" पलीकडून वैतागलेला आवाज आला.

हेमांगीनं डोळे मिटून घेतले. इतकं दिलासा देणारं वाक्य तिनं आयुष्यात ऐकलं नव्हतं. तो माणूस ओळखत नव्हता, म्हणजे तो माणूस होता.

सोळंकीला ओळख पटायला वेळ लागला, पण पटल्यावर त्यानं पुढचं काही विचारलं नाही. माणसं जमवतो आणि निघतो, एवढं बोलून त्यानं फोन ठेवून दिला. इकडे फिरोजनं जीप काढली. अख्ख्या रस्त्यात हेमांगीनं फोन हातात धरला नाही. तो मागच्या सीटवर तिच्या शालीखाली होता. एकदा तो वाजला आणि दोघंही दचकली. सोळंकीचा होता, फिरोजनं त्याला हाही नंबर देऊन ठेवला होता. त्याच्या मागे वारा होता, माणसं ओरडत होती. त्याचा शब्द शब्द तुटत होता, आणि त्या तुटण्यामुळेच हेमांगीला त्याचा विश्वास वाटला. दोन बायका मिळाल्या होत्या. त्याच्या बोलण्यात नुरजीचं नाव आलं नाही, आणि तिनं विचारलं नाही.

सकाळी धडगावच्या रुग्णालयात आई तिला भेटली. पायाला प्लास्टर, कपाळावर टाके, ओठ थंडीनं फुटलेले. हेमांगी खाटेशी वाकली तेव्हा आईनं तिला जवळ घेतलं नाही.

"किती उशीर केलास गं," ती म्हणाली. "तू तर म्हणत होतीस, होडी वळणावर आलीय."

हेमांगी खाटेच्या कडेला टेकली. आईच बोलत राहिली. पाण्याखाली जुन्या जंगलाची खोडं उभी आहेत, त्यातल्या एकावर होडी आदळली. नुरजी इंजिनावर फेकला गेला. पोटाला मार लागला होता, बाहेरून काही दिसत नव्हतं. आईचा पाय मोडला. मोगीनं दोघांना चाचपडत ओढून खडकावर घेतलं. होडी गेली, औषधांची पेटी गेली. आईच्या गळ्यात अडकवलेला फोन तेवढा राहिला.

"तूच आधी विचारलंस, कसला आवाज झाला म्हणून. मी सगळं सांगितलं. तू घाबरली नाहीस, मला इतका धीर आला. म्हणालीस, आई, हलू नकोस, मी माणसं पाठवते. मोगी म्हणत होती, मी वर पाड्यावर जाते, पायवाट पायाला ठाऊक आहे. मीच अडवलं तिला. म्हटलं, हेमानं होडी पाठवलीय, तू कशाला धडपडतेस, पडलीस तर? काडेपेटी होती गं माझ्या कमरेला. भोवती सगळं वाळलेलं गवत. पेटवलं असतं तर वरच्या पाड्यातून कुणीही बघितलं असतं. पण तू म्हणालीस, निघाली होडी. मग म्हणालीस, अर्ध्यात आली. मग वळणावर आली. मी नुरजीला दर वेळी सांगत होते."

आई थांबली. छताकडे बघत म्हणाली, "तो वळणाकडे बघत होता. शेवटपर्यंत."

हेमांगीनं तिला सांगितलं. टॉवर, साचा, रोमिंग, जेवढं सोपं करता येईल तेवढं करून. आपल्याला यातलं काहीही ऐकू आलं नव्हतं, आपल्याशी दुपारी भलतीच आई बोलत होती, हेही सांगितलं. सांगून संपल्यावर आईनं हात लांब केला आणि हेमांगीच्या गालावरून, कानामागून, हनुवटीखालून बोटं फिरवली. तपासल्यासारखी.

"आत्ता तूच आहेस ना?"

"मीच आहे, आई."

"तीही हेच म्हणायची." आईचे डोळे कोरडे होते आणि त्यांत हेमांगीनं कधी पाहिली नव्हती अशी भीती होती. ती भीती आपल्याला बघून आहे, हे कळायला तिला जरा वेळ लागला.

"आई..."

"माझ्या डोक्यातून जात नाहीये. तू किती चांगलं बोलत होतीस. नुरजीला मोगीचीच काळजी लागली होती. त्यानं फोन मागितला. तू त्याला म्हणालीस, भाऊ, वहिनींना मी माझ्या घरी नेते, डोळे बरे करून आणते. मी म्हटलं, बघ, माझी पोर. तोंडानं नाही म्हणेल, पण वेळेला..." तिनं मान भिंतीकडे वळवली.

हेमांगी बाहेर व्हरांड्यात आली. फिरोज खांबाला टेकून उभा होता. तिनं त्याला विचारलं, "मोगीबाई कुठे आहेत?"

पलीकडच्या बाकावर पांघरूण घेऊन बसलेल्या बाईनं मान वळवली. डोळ्यांच्या बाहुल्यांवर दुधाची साय धरल्यासारखी पांढुरकी झाक होती. ती हेमांगीकडे बघत नव्हती, तिच्या थोडं डावीकडे बघत होती.

"फोनवाली ताई," ती म्हणाली.

हेमांगी तिच्या पायाशी बसली. काय बोलायचं ते तिनं जीपमध्ये ठरवलं नव्हतं, तरी खरं तेच सांगायचं एवढं तिला पक्कं माहीत होतं.

"ताई, फोनवर मी नव्हते. फोन माझ्या आवाजात आपोआप बोलत होता. तुम्ही काय म्हणत होता ते मला ऐकूच येत नव्हतं. ऐकू आलं असतं तर मी तेव्हाच होडी पाठवली असती."

मोगी नीट ऐकत होती. तिला मराठी समजत होतं, बोलायला मात्र एकेक शब्द शोधावा लागत होता.

"आवाज हाच होता."

"आवाज माझा. बोलले मी नाही."

"माझ्या माणसाशी बोलला तो. बायकोला नेते म्हणाला. त्याला बरं वाटलं. माझा हात धरला होता त्यानं, मग ढिला सोडला." ती थांबली. तिच्या कपाळावर आठी पडली. हेमांगीला वाटलं, आता ही रडेल, किंवा शिव्या देईल. दोन्हींची तिची तयारी होती. पण मोगीनं साधा प्रश्न विचारला, रस्ता विचारावा तसा.

"तू नव्हतीस, तर मरताना तो कुणाशी बोलला?"

फिरोजनं तोंड फिरवलं. व्हरांड्यातून कुणी बादली घेऊन गेलं. हेमांगीला उत्तर ठाऊक होतं. धाग्याएवढी रेंज, दोन कंपन्यांमधला करार आणि फोनच्या पोटातला एक साचा, ज्याला कॉल चालू ठेवण्यापलीकडे काहीही नको होतं. तो माणूस कुणाशीच बोलत नव्हता. हे शब्द तिच्या जिभेवर आले, आणि तिनं त्या न दिसणाऱ्या डोळ्यांकडे पाहिलं.

"माझ्याशी," ती म्हणाली. "माझ्याशीच बोलले ते. मी नेते तुम्हाला."

आवाज शांत होता. समजूतदार, जराही न अडखळणारा. खडकावर बसलेल्या त्या तिघांना तो कसा ऐकू आला असेल ते हेमांगीला आता पहिल्यांदाच कळलं.

मोगीनं मान हलवली. पांघरूण खांद्याभोवती ओढून घेतलं.

"त्याचं कार्य होऊ दे," ती म्हणाली. "मग न्यायला ये. फोन करू नको. तूच ये."